निवडून घेतलेल्या माणसांचं गाव

प्रिय नाना,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राच्या सुरुवातीला काहीतरी लिहावं लागतं म्हणून. तुम्हाला रीतभातीचं फार होतं, तेव्हा रीत पाळली. यापुढे या पत्रात तुम्हाला आवडेल असं फारसं काही सापडणार नाही.

तुम्हाला जाऊन महिना झाला. परवा रविवारी इथल्या मराठी मंडळाने तुमची शोकसभा ठेवली आहे आणि मी दोन शब्द बोलावेत असं ठरलंय. पण हे पत्र त्यासाठी नाही. ते मिहिरच्या फोनमुळे आहे. आपल्या मंडळाचा सेक्रेटरी मिहिर, तुमचा पट्टशिष्य. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"सुजाता, एक काम होतं गं. लातूरकडचं एक नवीन कपल आलंय वाखनिंगनला, दोघंही प्लांट सायन्सवाले. आता नाना नाहीत, तर त्यांची स्वागतभेट तू करून ये ना. नाना नेहमी म्हणायचे, सुजाताची पारख चांगली आहे."

"पारख कसली?"

"म्हणजे जरा बघून ये गं, कसे आहेत, कुठले आहेत. आडनावावरून काही पत्ता लागत नाहीये. हॉलमध्ये फोटोबिटो काय लावलेत, सहज नजर टाक. मग गणपतीच्या ग्रुपमध्ये ॲड करू. किंवा बघू."

किंवा बघू! काय शब्द आहेत, नाना! तुमचेच आहेत ना? मिहिरला स्वतःचं असं काही सुचत नाही.

उद्या शनिवार. उद्या संध्याकाळी मला त्या दोघांच्या घरी जायचंय. त्यांनी माझ्यासाठी पोहे करून ठेवले असतील, आणि आपली परीक्षा आहे हे त्यांना माहीतही नसेल. मी परत येऊन मिहिरला एक शब्द सांगायचा, आणि त्या शब्दावर त्या दोघांना या डच देशात दिवाळीला कुणी बोलवायचं की नाही ते ठरणार. हे काम तुम्ही वर्षानुवर्षं केलंत. आणि आता ते माझ्याकडे आलंय. माझ्याकडे! हसू आलं की नाही तुम्हाला, जिथे असाल तिथे?

मला आलं होतं. मग राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

आठवतं का, माझी स्वागतभेट? मी नुकतीच इथे आले होते, मातीवर संशोधन करायला, एकटी. तुम्ही आणि काकू आलात, डब्यात चिवडा घेऊन. माझं सगळं सामान बोटीने येत होतं आणि रॉटरडॅमला बंदरात अडकून पडलं होतं. भिंती मोकळ्या. घरात एक गादी, दोन पातेली आणि पुस्तकांची एक बॅग. तुम्ही पाणी प्यायचं निमित्त काढून स्वयंपाकघरात गेलात आणि फ्रिज उघडलात. आत दही आणि भात. अहो, मला इथली दुकानं कळत नव्हती म्हणून दहीभात! तुम्ही मात्र समाधानाने मान हलवलीत.

"नागपूरच्या म्हणजे धरमपेठेतल्या का?" तुम्ही विचारलंत.

"कॉलेज तिकडेच होतं," मी म्हटलं. "घर मात्र इंदो..."

"ऐकलंस का गं?" तुम्ही काकूंकडे वळलात. "धरमपेठेतली आहे. मी म्हटलंच होतं!"

इंदोरा, आमची बौद्ध वस्ती, हा शब्द माझ्या तोंडात अर्धाच राहिला. त्या एका शब्दाने तुम्हाला सगळं कळलं असतं, पण तुम्हाला जे ऐकायचं होतं ते तुम्ही ऐकून बसला होता. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "आपल्यातलीच आहेस, संकोच करू नकोस." मला वाटलं, आपल्यातली म्हणजे मराठी. किती भाबडी होते मी!

मग पेट्या आल्या. बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची मूर्ती आईने साड्यांत गुंडाळून पाठवली होती. त्या दोन्ही मी बाहेरच्या खोलीत लावल्या, जशा आमच्या घरी असतात तशा. पुढच्या महिन्यात तुम्ही मेथीच्या दोन जुड्या घेऊन आलात. दार उघडलं, तुमची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली आणि तिथेच थांबली. काय तो चेहरा! मेथी माझ्या हातात दिलीत, "काकू गाडीत आहे" म्हणालात आणि वळलात. काकू त्या दिवशी आल्याच नव्हत्या, नाना. मी खिडकीतून बघितलं. गाडी रिकामी होती.

त्यानंतर तुम्ही माझ्या घरात कधी पाऊल टाकलं नाहीत. 'गुडघे दुखतात,' म्हणायचात. मी तळमजल्यावर राहते! मिहिरच्या तिसऱ्या मजल्यावर तुम्ही सत्यनारायणाला टणाटण चढून जायचात.

आणि तरी माझी गाडी मात्र चालायची. डोळ्यांमुळे तुमचं गाडी चालवणं बंद झालं आणि पुण्याहून पाहुणे आले की माझा फोन वाजायचा. "सुजाता, रविवारी जरा आपल्या पायोनियर गावाला जाऊन येऊ." मी का यायचे? काकूंसाठी यायचे, त्यांना घराबाहेर पडायला तेवढंच मिळायचं. आणि खरं सांगू? तुमचा तमाशा बघायला यायचे. खोटं कशाला बोलू.

ते गाव तुम्हाला तोंडपाठ होतं. काम्पेनजवळ आयसेल नदी ओलांडायची, ती जिथे रुंद होऊन सरोवराला मिळते तिथे शेवटचा पूल उतरायचा, आणि रस्ता एकदम खाली जायचा. तिथे तुम्ही पाहुण्यांना म्हणायचात, "आता डावीकडे बघा." डावीकडे बांध, आणि बांधापलीकडे बोटीची शिडं आपल्या डोक्याच्याही वर. पाहुणे 'अरे बापरे' म्हणायचे. तुमची छाती फुगायची, जणू ते पाणी तुम्हीच उपसलंत.

मग सुरू. "हा सगळा तळ होता, पाण्याखाली. नदीने आणलेला गाळ. पाणी उपसलं, आणि मग सरकारने काय केलं? वाट्टेल त्याला जमीन नाही दिली. एकेक कुटुंब पारखून घेतलं. साहेब घरी जायचा, स्वयंपाकघर बघायचा, कपाटं उघडायचा. बाई स्वच्छ आहे का, पुरुष कामाचा आहे का, देवाधर्माला धरून आहेत का. जो निकषात बसला तो आत, नाही बसला तो बाहेर. म्हणून हे गाव असं आहे, बघा! नाहीतर आपल्याकडे..." पुढचं वाक्य तुम्ही कधी पूर्ण केलं नाहीत. मागच्या सीटवरचे पाहुणे समजून हसायचे. मी आरशात बघायचे, त्यांच्याकडे आणि तुमच्याकडे.

तुम्हाला त्या गावात नक्की काय आवडायचं हे मला कळलेलं होतं. शेतं तुम्ही कधी बघितली नाहीत. मी एकदा गाडी थांबवून चरातली माती हातात घेतली होती, शिंपल्यांचा चुरा असलेली. तुम्ही काच खाली करून म्हणालात, "चला, हात खराब करू नकोस." त्या गावातला एकच माणूस तुम्हाला आवडायचा. कपाटं उघडणारा साहेब.

आणि इतक्या फेऱ्यांत गावातल्या एका माणसाशी तरी तुम्ही बोललात का हो? एकाशी? थर्मासमधला चहा गाडीतच प्यायचा, डब्यातल्या वड्या गाडीतच खायच्या, काच वर, फलक वाचून दाखवायचे आणि पुढे. गाव वसवणाऱ्यांचा इतिहास, तोही काचेआडून! काकू मागे डबा मांडीवर घेऊन. त्यांनी काही विचारलं की तुम्ही म्हणायचात, "तू वड्या दे."

गेल्या रविवारी मी काकूंना त्या गावाला घेऊन गेले. त्यांनीच म्हटलं, "एकदा पुढच्या सीटवर बसून बघायचंय मला ते." डबा नको म्हणाल्या. थर्मास नको म्हणाल्या. त्या पुढे बसल्या आणि पट्टा लावला.

शेवटचा पूल ओलांडून रस्ता उतरला तशा त्या म्हणाल्या, "शिडं उजवीकडेही आहेत की गं! इतकी वर्षं आम्ही डावीकडेच बघत होतो."

बघा, नाना.

गाव तसंच होतं. मधे हिरवळ, चारी बाजूंनी विटांची एकसारखी घरं, मजुरांसाठी बांधलेली. शेतकऱ्यांची मोठी घरं गावाबाहेर, एकेका सरळ रस्त्यावर सारख्या अंतराने, सारखीच कोठारं. शेतात कुठेकुठे ते निळे खांब, वर लहानसं जहाज, म्हणजे इथे बुडालेलं जहाज सापडलं होतं. त्या खांबांपाशी तुम्ही कधी थांबला नाहीत. बुडलेल्यांत तुम्हाला रस नव्हता. तीन चर्च, तीन पंथांची. तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "ज्याचं त्याला. म्हणून भांडण नाही." त्यातल्या एकात आता फ्लॅट झालेत आणि गॅलरीत कुणाचे तरी पायजमे वाळत होते. काकूंना ते फार आवडलं.

गावाच्या कडेला काचेची ती प्रचंड हरितगृहं आहेत. त्यांच्यामागे एका रांगेत पत्र्याच्या खोल्या, बाहेर पोलंडची पाटी असलेल्या गाड्या, आणि पायरीवर बसून बूट धुणारी दोन मुलं. आता त्या गावातली मिरची तीच माणसं तोडतात. त्यांच्यावर एकही फलक नाही. तुम्हीही तिथून जाताना नेहमी फोन बघायचात.

एका कोठारात कॉफीचं दुकान आहे, हे आम्हाला रविवारी पहिल्यांदा कळलं. काकूंना बाथरूमला जायचं होतं म्हणून. तुमच्या सहलींत त्या बिचाऱ्या दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत, हे ठाऊक होतं तुम्हाला? दुकान चालवतात ट्रुस नावाच्या आजी. पांढरे केस, हातात फडकं, आवाज असा की गुरं हाकावीत. आम्ही बसलो. मी विचारलं, तुम्ही इथल्याच का? त्या फडकं खांद्यावर टाकून आमच्याच टेबलाशी बसल्या. कुणीतरी विचारायचीच वाट बघत होत्या म्हणा ना.

मी काकूंसाठी मराठीत सांगायला लागले, तर काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. "कळतंय मला."

आणि मग काकू डचमध्ये बोलायला लागल्या, नाना! अडखळत नाही, धडाधड! वृद्धाश्रमात त्या इतकी वर्षं कामाला जात होत्या, म्हाताऱ्यांना भरवत होत्या, तिथे काय त्या पुणेरीत बोलत असतील? तुम्ही आम्हाला सांगायचात, "हिला भाषा नाही जमली." तुमच्यासमोर त्या बोलल्याच नाहीत, एवढंच खरं.

ट्रुस आजींनी सांगितलं. त्यांच्या वडिलांनी इथे जमीन मागितली होती. साहेब त्यांच्या जुन्या गावी पाहणीला येणार असं कळलं. टोपीवाला माणूस, हातमोजे घालून आला. आईने त्याआधी अख्ख्या आळीतून चादरी आणि टॉवेल मागून आणून कपाट भरलं होतं, इस्त्री करून, घडीवर घडी. पडदे शेजारणीचे. टेबलावरचं बायबल त्यांच्या आजीचं. साहेबाने कपाट उघडलं, बोटाने घड्या मोजल्या आणि खूश झाला. तो पुढच्या घरी वळला तशा त्याच चादरी मागच्या परसातून, कुंपणावरून, त्या घरच्या कपाटात गेल्या! कारण त्यांनीही अर्ज केला होता.

"तोच ढीग!" ट्रुस आजी टेबलावर थाप मारून हसल्या. "त्याने तोच ढीग दोनदा पास केला!"

काकू इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तुमचं ते पारखून घेतलेलं, गाळून घेतलेलं, निवडक गाव उसन्या चादरींवर पास झालेलं होतं! आणि तुम्ही त्या साहेबाला अर्धं आयुष्य मनातल्या मनात मुजरा करत होता.

पण पुढचं ऐकून कुणी हसलं नाही. ट्रुस आजींच्या काकांचाही अर्ज होता. त्यांच्या घरीही तो माणूस आला, कॉफी प्याला, हात मिळवून गेला. आणि मग काहीच नाही. होकार नाही, नकाराचं कारणही नाही. त्या काकांची बायको आजारी असायची म्हणून, की घरातलं एक पोर अंथरूण ओलं करायचं म्हणून, की चर्चला कमी जायचे म्हणून? कुणालाच कधी कळलं नाही. "माझे काका मरेपर्यंत आपल्या बायकोत ते कारण शोधत राहिले," आजी म्हणाल्या. "आणि माझ्या आईने त्यांच्याकडे जाणं सोडलं. ज्यांना नाकारलं त्यांच्यात काहीतरी असणारच, असं तिला वाटायला लागलं. जी स्वतः उसन्या चादरींवर आली होती तिला!"

मग त्या आणखी एक सांगत होत्या. इथे तीन बेकऱ्या होत्या, एकेका चर्चची एकेक. आई उपाशी ठेवील पण दुसऱ्या चर्चवाल्याचा पाव घरात आणणार नाही. काकू पटकन म्हणाल्या, "आमच्याकडे पाणी." तेवढंच. ट्रुस आजींनी त्याचा अर्थ विचारला नाही. त्यांना तो कळला असावा.

आणि मग काकूंनी ती गोष्ट सांगितली, जी तुम्ही कुणालाच सांगितली नाहीत.

तुम्ही दोघं नवीन आला होता तेव्हा एक घर भाड्याने हवं होतं. मालकीणबाई म्हणाली, तुमचं आत्ताचं बिऱ्हाड आधी बघीन, मग ठरवीन. तुम्ही काकूंना हिंग आणि मसाले पिशवीत घालून सायकलीच्या शेडमध्ये ठेवायला लावलेत. देव कपाटात बंद केलेत. भिंतीवर पवनचक्कीचं कॅलेंडर लावलंत. ती बाई आली. पातेल्यांची झाकणं उचलून वास घेतला. उशी उचलून वास घेतला. काकूंच्या केसांजवळ येऊन वास घेतला. तुम्ही हात मागे बांधून उभे, 'येस मॅडम, येस मॅडम' करत. घर मिळालं नाही. कारण सांगितलं नाही. तुम्ही बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलात.

नाना, मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. कॉफीचे पैसे देऊन गाडीपर्यंत येईस्तोवर वाटत होतं. मग पट्टा लावताना एकदम डोक्यात प्रकाश पडला आणि वाईट वाटणं जे थांबलं ते थांबलंच. तुम्हाला माहीत होतं! त्या नजरेखाली उभं राहिलं की कसं होतं हे तुम्हाला पक्कं माहीत होतं! एखाद्याला कळत नाही म्हणून तो तसा वागतो, त्याला मी माफ करीन. तुम्हाला सगळं कळत होतं. तुम्ही त्या बाईकडून शिकलात काय, तर झाकणं कशी उचलायची ते.

बांधाच्या कडेने परत येताना मी काकूंना विचारलं. मिहिरला माझं काहीच कसं माहीत नाही? मी काही लपवलेलं नाही. चौदा एप्रिलला मी द हेगला जयंतीला जाते, रजा टाकून जाते. पण मंडळात कुणी मला कधी काही विचारलंच नाही.

काकू म्हणाल्या, "त्यांनी कुणालाच सांगितलं नाही गं."

"का? इतरांचं तर लगेच सांगायचे."

"इतरांचं सांगता येत होतं. तुला यांनी स्वतः पास केलं होतं ना! सगळ्यांसमोर म्हणाले होते, 'माझी नजर चुकत नाही, मुलगी आपल्यातलीच आहे.' मग कसं सांगणार? लोक म्हणाले असते, नानांची नजर चुकली."

मी गाडी बाजूला घेतली. चालवणं शक्यच नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होते, की तुम्ही निदान माझी लाज राखलीत, म्हातारपणी थोडं शहाणपण आलं असेल, घरात येत नाही पण बाहेर माझ्याविरुद्ध बोलत तरी नाही. तर तुम्ही स्वतःची लाज राखत होता! एवढासा जीव तुमचा, नाना. एवढासा.

"आणि नांदेडचे ते दोघं?" मी विचारलं. तुम्हाला आठवत असतील. तो सॉफ्टवेअरमध्ये, ती घरी, गरोदर. तुम्ही आणि काकू भेटीला गेलात आणि मग त्यांना मंडळाचा एकही निरोप गेला नाही. तिने मला एकदा दुकानात भाजीपाशी गाठून विचारलं होतं, "ताई, आमचं काही चुकलं का? त्या दिवशी चहात साखर जास्त झाली होती का हो?" साखर! ती बाई आपल्या चहात कारण शोधत होती. तिचं बाळंतपण झालं तेव्हा डबा घेऊन जाणारं एक माणूस नव्हतं. नंतर ते गाव सोडून गेले.

"त्यांच्या शेल्फवर मेणबत्ती होती," काकू म्हणाल्या, "आणि तोच फोटो. मी मुकाट्याने चहा प्याले. मी दरवेळी मुकाट्याने चहा प्याले, सुजाता. ते बघायचे आणि मी चहा प्यायचे."

मी त्यांना 'असू द्या' म्हटलं नाही. का म्हणू? त्यांनाही ते नको होतं. मग त्या म्हणाल्या, "मला आज तुझ्याकडे जेवायचंय. एवढं विचारू दे, की मासळीचं पातेलं कुठलं आणि माझं कुठलं. वय झालंय, एकदम नाही जमणार."

मला हसायलाच आलं. किती सरळ प्रश्न! तुम्ही हा एवढा प्रश्न विचारला असतात ना, तर मी तुम्हाला वेगळं पातेलं घेऊन ठेवलं असतं, त्यावर तुमचं नाव घातलं असतं. विचारायलासुद्धा दम लागतो माणसात.

काकू आल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या. "यांच्यापुढे दिवा लावतेस की मेणबत्ती?" म्हणाल्या. मी मेणबत्ती म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि चपला नीट करून ठेवायला परत दाराशी गेल्या. पिठलं-भाकरी खाल्ली. पिठल्याला मीठ कमी आहे असंही सांगितलं. कुठल्याही घरी सांगतात तसं.

तर, उद्या.

मिहिरला फोन करून हे काम नाकारावं असं आधी वाटलं होतं. पण मी नाकारलं तर तो दुसऱ्या कुणाला पाठवील, आणि त्या दुसऱ्याचे डोळे भिंतीवर फिरतील. म्हणून मीच जाणार. काकू बरोबर येणार आहेत. बेल वाजवू, आत बोलवेपर्यंत दारात उभ्या राहू. स्वयंपाकघरात पाणी मागायला जाणार नाही. आणि बसल्याबरोबर, त्यांनी विचारायच्या आधी, मी माझंच सांगणार. मी सुजाता, नागपूरची, इंदोऱ्याची, बौद्ध, घरी भिंतीवर कुणाची तसबीर आहे तेही. मग या मंडळात आजवर काय चालायचं, या भेटी कशासाठी असायच्या, ते सगळं. काकू म्हणाल्या, त्यांचा भाग त्या स्वतः सांगतील. त्यानंतर आम्हाला पास करायचं की नाही ते त्या दोघांनी ठरवावं. अशा मंडळात यायचं की नाही तेही. नको म्हणाले तर मी त्यांना दोष देणार नाही.

आणि रविवारी शोकसभा. तुमच्या फोटोला हार असेल. एकेक जण उठून तुमच्या नजरेचं कौतुक करील, आपलं मंडळ नानांनी कसं जपलं, कसं राखलं. मिहिर रुमाल काढील. मग माझी पाळी येईल.

मी तुम्हाला वचन देते, नाना, तुमच्याबद्दल मी एक शब्दही खोटा बोलणार नाही. मी उभी राहून सांगणार आहे, की नानांची नजर एकदा साफ चुकली होती. ती चूक त्यांनी मरेपर्यंत लपवून ठेवली, कारण ती कबूल केली असती तर त्यांना बाकीच्यांकडेही पुन्हा नीट बघावं लागलं असतं. आणि म्हणणार आहे, 'मंडळी, ती चूक आत्ता तुमच्यासमोर उभी आहे, बघून घ्या.' आणि लातूरचे ते दोघं आले असतील, तर मी मिहिरला तिथेच सांगणार आहे: तुला जे माझ्याकडून गुपचूप हवं होतं, ते आता त्यांना तूच विचार, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत.

बघू या, कुणाच्या तोंडून शब्द फुटतो ते.

तुम्ही चुकून आत घेतलेली,
सुजाता